दारापर्यंत जाणारी खिदमत

माल्कम एक्स हे नाव आपल्या घरांत परके नाही. त्यांची हजयात्रा आणि 21 फेब्रुवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेली त्यांची हत्या यांविषयी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले आहे. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

बेट्टी शबाझ यांच्या पदरी तेव्हा चार लहान मुली होत्या आणि त्या गरोदर होत्या. आठवडाभर आधीच त्यांच्या घरावर आगीचे बाँब टाकले गेले होते. अभिनेत्री रूबी डी आणि काही बायकांनी पुढाकार घेऊन पैसे गोळा केले आणि या कुटुंबाला घर मिळवून दिले. त्याच वर्षी बेट्टी हजला जाऊन आल्या. नंतर जुळ्या मुली झाल्या. सहा मुली वाढवत त्या पुन्हा शिकायला लागल्या. मूळच्या त्या परिचारिका. 1975 मध्ये त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे न्यूयॉर्कच्या मेडगर एव्हर्स कॉलेजात शिकवले. 1997 मध्ये त्यांचे निधन झाले.

आज अमेरिकेतील अनेक शहरांत 11 ते 14 वर्षांच्या मुलींसाठी त्यांच्या नावाने वर्ग चालतात. ‘डॉ. बेट्टी शबाझ डेल्टा अकॅडमी’ असे या उपक्रमाचे नाव. तो सरकार चालवत नाही की कोणी धनिक चालवत नाही. डेल्टा सिग्मा थीटा या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संस्थेच्या स्थानिक शाखा तो चालवतात. बेट्टी स्वतः या संस्थेच्या सदस्य होत्या. संस्थेत ख्रिस्ती स्त्रियांची संख्या मोठी आहे, तरी मुलींसमोर आदर्श म्हणून एका मुस्लिम आईचे नाव ठेवताना कोणाला अडचण वाटली नाही. म्हणूनच या संस्थांचे काम वाचकांसमोर ठेवावेसे आम्हाला वाटले.

अशा संस्थांना तिकडे ‘सोरॉरिटी’ म्हणतात. आपण भगिनीसंस्था म्हणू. गोऱ्या विद्यार्थिनींच्या अशा संस्था होत्या, पण त्यांत काळ्या मुलींना जागा नव्हती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1908 मध्ये काळ्या विद्यार्थिनींनी अल्फा काप्पा अल्फा ही पहिली संस्था काढली. 1913 मध्ये तिथेच 22 मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा स्थापन केली. स्थापनेला दोन महिनेही झाले नव्हते, तोच या मुली स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात वॉशिंग्टनच्या रस्त्यावर उतरल्या. 1920 मध्ये झीटा फाय बीटा आली.

या संस्थांची मोठी गोष्ट अशी की कॉलेज संपले म्हणून सदस्यत्व संपत नाही. ते जन्मभराचे असते. पदवीधर स्त्री नोकरीला लागते, लग्न करते, दुसऱ्या शहरात जाते. तिथल्या शाखेत ती पुन्हा दाखल होते, वर्गणी भरते, बैठकीला जाते. शिक्षिका, परिचारिका, वकील, कारकून अशा सगळ्या एकमेकींना ‘बहीण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाने हाक मारतात. शाखा कामे वाटून घेते. कोणी शिष्यवृत्तीचा निधी पाहते, कोणी मतदार नोंदणी, कोणी मुलींचे वर्ग. एकीला जमले नाही तर दुसरी उभी राहते, म्हणून काम अडत नाही.

पण नुसती शिस्त पुरेशी नसते. खिदमत कशी करावी, हे या बहिणी एका कठीण अनुभवातून शिकल्या.

1934 ची गोष्ट. अल्फा काप्पा अल्फाच्या अध्यक्ष आयडा जॅक्सन मूळच्या मिसिसिपीच्या. तिथल्या होम्स काउंटीत त्यांनी खेड्यांतील शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग भरवले. तेव्हा ध्यानात आले की मुले आजारी आहेत, अर्धपोटी आहेत. आधी त्यांच्या तब्येतीकडे पाहिल्याशिवाय शिक्षण पुढे सरकणार नाही. पुढच्याच वर्षी आरोग्य मोहीम सुरू झाली. हॉवर्डच्या डॉ. डोरोथी फेरेबी यांनी तिचे नेतृत्व केले. डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका आपापल्या मोटारी घेऊन वॉशिंग्टनहून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर मिसिसिपीला निघाल्या. वेगळे डबे, वेगळी हॉटेले अशा भेदभावाचे ते दिवस होते. काळ्या बायकांनी दक्षिणेत असा प्रवास करणे सोपे नव्हते.

तिथे पोहोचल्यावर नवे संकट उभे राहिले. कापसाच्या मळ्यांचे मालक मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. एक दिवस काम बुडाले तर त्यांचे नुकसान! शिवाय बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायका मजुरांना काय शिकवतील, ही धास्तीही होती. ‘आम्ही दवाखाना उघडला, लोकच येत नाहीत’ असे म्हणून परतणे सोपे होते. या बहिणी परतल्या नाहीत. त्यांनी मोटारींचाच दवाखाना केला आणि तो मळ्यांत नेला. हत्यारबंद मुकादमांच्या नजरेखाली त्यांनी मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या, दात तपासले, काय खावे ते आयांना समजावले. उन्हाळ्याच्या सुट्टीत चालणारे हे काम 1942 पर्यंत चालले. महायुद्धात पेट्रोल आणि टायर मिळेनासे झाले, तेव्हा ते थांबले. तोवर हजारो मुलांना लस मिळाली होती.

दुसरा धडा झीटा फाय बीटाच्या ‘स्टॉर्क्स नेस्ट’ या उपक्रमातून मिळतो. 1972 पासून मार्च ऑफ डाइम्स या संस्थेच्या साथीने शाखा तो चालवतात. गरोदर बाईने वेळेवर तपासणीला जायचे, वर्गाला यायचे. प्रत्येक वेळी तिच्या नावे गुण जमा होतात आणि त्या गुणांवर ती बाळासाठी लंगोट, कपडे, पाळणा अशा वस्तू घेते. इथे कोणी हात पसरत नाही. आईने आपल्या मेहनतीने कमावलेली ही चीज असते. तिची इज्जत राहते आणि बाळाच्या तब्येतीचीही काळजी घेतली जाते.

तिसरा धडा बेट्टींच्या नावाच्या वर्गाचा. वय 11 ते 14 हेच का? कारण मुलगी अभ्यासातून आणि स्वतःवरच्या भरवशातून निसटू लागते ती याच वयात. शाखेच्या बहिणी या मुलींना विज्ञान, गणित, वाचन यांची गोडी लावतात, समाजकार्यात सोबत नेतात आणि पुढच्या शिक्षणाचे दार दाखवतात. तिथून पुढे 18 वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी वेगळा उपक्रम आहे. मध्येच हात सोडायचा नाही, असा हा हिशेब.

या संस्थांवर टीकाही झाली आहे. सदस्यत्व निवडून दिले जाते, खर्च असतो, थाटमाट असतो. हॉवर्डचेच समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर यांनी 1957 च्या आपल्या पुस्तकात काळ्या मध्यमवर्गाच्या दिखाऊपणावर कडक शब्दांत लिहिले. ही टीका खोटी म्हणता येत नाही. पण मिसिसिपीच्या मळ्यात गेलेल्या मोटारीही तितक्याच खऱ्या आहेत.

आपल्या घरांतही आता पदवीधर लेकी-सुना आहेत. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात आणि बहुतेकदा त्या शिक्षणाचा मोहल्ल्याशी संबंध तिथेच संपतो. दुसरीकडे त्याच गल्लीत सातवी-आठवीतली एखादी मुलगी गुपचूप शाळा सोडते. या दोघींमध्ये चार घरांचेही अंतर नसते. मोठी संस्था, इमारत, देणगीदार यांची वाट न पाहता पाच शिकलेल्या बहिणींनी आठवड्यातील दोन तास ठरवले, पाळी लावली आणि ‘मुली येत नाहीत’ अशी तक्रार न करता त्यांच्या दारापर्यंत गेल्या, तर सुरुवात होईल. पाचजणींची नावे आजच कागदावर लिहून काढा, एवढेच आमचे भगिनींना सांगणे आहे.