आधी ठोका, मग मिकी

1984 साली अमेरिकेतल्या डिस्ने चॅनलने ‘डीटीव्ही’ नावाचा प्रकार सुरू केला. गाणं लोकांच्या तोंडी असलेलं आणि चित्रं मिकी, डोनल्ड, गूफीच्या जुन्या कार्टूनपटांतली. 1981मध्ये आलेल्या एमटीव्हीवर ती उघड कुरघोडी होती. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या, वर्गणी भरून पाहायच्या या वाहिनीला तास भरायचे होते आणि डिस्नेच्या कपाटात पन्नासहून अधिक वर्षांचा माल पडून होता. हेतू धंद्याचा, यात वाद नाही. पण तिशीच्या दशकातली चित्रं साठ-सत्तरच्या दशकांतल्या सोल-रॉकवर इतकी बेमालूम बसतात, ते धंद्याने उलगडत नाही. माझ्या मते त्याचं श्रेय संकलकाच्या कात्रीपेक्षा मूळ चित्रकारांच्या हिशेबाला जास्त जातं.

तो हिशेब 1928च्या ‘स्टीमबोट विली’ या मिकीच्या कार्टूनपटापासूनचा. डिस्नेकडच्या विल्फ्रेड जॅक्सनने मेट्रोनोम आणला आणि किती फ्रेमना एक ठोका पडणार, हे हालचाल रेखाटण्याआधीच ठरू लागलं. बोलपटाची फिल्म सेकंदाला 24 फ्रेमनी धावते, म्हणजे मिनिटाला 1440. दर 12 फ्रेमना ठोका धरला तर मिनिटाला 120 ठोके पडतात, 10 फ्रेमना धरला तर 144. मिकीचं पाऊल, मान, शेपटी सगळं त्या ठोक्यावर. आणि 120च्या आगेमागे तर नाचाच्या गाण्यांची रीघ लागलेली असते! शिवाय चालण्याची चित्रं आवर्तनात काढलेली असत. पहिल्या पावलाशी परत आलेला तुकडा कितीदाही जोडा, सांधा दिसत नाही.

यावर आक्षेप असा, की कुठल्याही चित्राखाली कुठलंही गाणं लावा, मन आपोआप जुळणी शोधतं. ते खरंच आहे. मिशेल शिओं या फ्रेंच अभ्यासकाने या प्रवृत्तीची सविस्तर मांडणी केली आहे. पण योगायोगाने एखादी सम गाठता येते, तीन मिनिटं ठेका धरता येत नाही. 1937च्या ‘स्नो व्हाइट’मधलं एखादं संथ, संवादाचं दृश्य द्रुत गाण्यावर ठेवून पाहा. नजर जुळणी शोधत राहते आणि थकते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: मूळ संगीत पुसणं ही मोडतोडच. 1929च्या ‘द स्केलेटन डान्स’मध्ये एक सांगाडा दुसऱ्याच्या मांडीची हाडं उपसून त्याच्याच पाठीच्या कण्यावर झायलोफोन वाजवतो. कार्ल स्टॉलिंगच्या संगीतातला तो खडखडाट काढला तर विनोद अर्धा मरतो. हे नुकसान मान्य करायलाच हवं. पण आवाज पुसला तरी हाडावर पडणारा प्रत्येक टोला मोजूनच पडतो, कारण ठोका चित्रातच मुरलेला आहे. नवं गाणं उभं राहतं ते त्याच्याच आधाराने. म्हणून डीटीव्हीच्या कर्त्यांची यादी करताना पहिली दोन नावं जॅक्सन आणि स्टॉलिंग यांचीच यायला हवीत.