गाडीचे स्पीकर बदलण्याचा धंदा: पाच हजारांच्या गिऱ्हाईकाला काय द्यायचं?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. बऱ्याच गाड्यांमध्ये अजून कंपनीचेच स्पीकर आहेत, कागदी कोनचे आणि छोट्या मॅग्नेटचे. मालकाला आवाज सुधारायचा असतो, पण वीस-तीस हजार घालायचे नसतात. त्याचं बजेट असतं पाच हजारांच्या आसपास. हेच तुमचं गिऱ्हाईक. आज बघूया, त्याला काय द्यायचं आणि त्यातून आपल्या हातात काय उरतं.

चार नको, पुढचे दोनच

गिऱ्हाईक म्हणतं, "चारही बदलून टाका." पण पाच हजारांत चार बदलायचे म्हणजे चारही हलके येणार. गाडी चालवणारा पुढे बसतो, त्याला मुख्यतः पुढच्या दारांचाच आवाज ऐकू येतो. म्हणून पैसा पुढच्या जोडीवर लावा. मागचे कंपनीचे राहू द्या.

हिशेब बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागातले भाव टाकून पुन्हा मांडा.

- चार हलके स्पीकर: माल ४,४०० आणि मजुरी ६००. मालावर दहा टक्के सुटले तर ४४०. हातात १,०४०, आणि चार दारं उघडायची.
- दोन चांगले स्पीकर: जोडी २,८००, रिंग आणि कपलर ५००, डॅम्पिंग शीट ५००, मजुरी १,२००. मालावर दहा टक्के म्हणजे ३८०. हातात १,५८०, आणि दोनच दारं.

गिऱ्हाईकाचे पैसे तेवढेच, आवाज चांगला आणि तुमची कमाई जास्त. एक गोष्ट पक्की धरा: मालावर फार सुटणार नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभं राहून मोबाइलवर ऑनलाइन भाव बघतं. तुम्ही विकताय ती फिटिंग. स्पीकर त्याने स्वतः आणला तरी हसत बसवून द्या, मजुरी मात्र पूर्ण घ्या.

खोक्यावरच्या वॅटला भुलू नका

खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॅट लिहिलेलं असतं. ते क्षणभराचं कमाल. बघायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत किती पेलतो ते. गाडीच्या स्टिरिओवर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असलं तरी प्रत्यक्षात साधारण १५ ते २० वॅट आरएमएसच मिळतात. वेगळा अॅम्प्लिफायर बसवायचं बजेट नसेल तर महत्त्वाचा आकडा आहे सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये. ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये मिळतो. आणि इम्पिडन्स ४ ओहमच ठेवा. कमी ओहमचा लावला तर स्टिरिओ तापतो.

कोअॅक्सियल घ्या, म्हणजे ट्वीटर मधोमध बसवलेला. कंपोनंट सेटमध्ये ट्वीटर आणि क्रॉसओव्हर वेगळे असतात. आवाज छान, पण काम वाढतं आणि बजेटही.

फिटिंगमध्येच नाव होतं किंवा जातं

१. माप. पुढच्या दारात बऱ्याच गाड्यांना साडेसहा इंची बसतो, पण खोली मोजल्याशिवाय माल घेऊ नका. मॅग्नेट मोठा असेल तर काच खाली करताना अडकते. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून बघा.

२. वायर कापू नका. त्या मॉडेलचा कपलर मिळतो, तो वापरा. कंपनीच्या वायरला कात्री लागली की वायरिंगच्या वॉरंटीवरून वाद होतो. नव्या गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सरही असू शकतो. ओळखीचा नसेल त्या कनेक्टरला हात लावायचा नाही.

३. प्लस-मायनस. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसवर आहे. एक स्पीकर उलटा लागला तर बेस गायब होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "जुनेच बरे होते."

४. प्लास्टिकचा पडदा. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते गाडीत येऊ नये म्हणून पॅनेलमागे प्लास्टिक लावलेलं असतं. घाईत ते फाटलं किंवा नीट चिकटवलं नाही, तर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात गिऱ्हाईकाचं कार्पेट ओलं होणार. मग फोन तुम्हालाच.

परत आलेलं एक काम नव्या कामाची कमाई खाऊन टाकतं. जाण्या-येण्याचा वेळ गेला, रिक्षाचे पैसे गेले, आणि त्या सोसायटीतली पुढची गिऱ्हाइकंही गेली.

सुरुवात कशी करायची?

गाळा लगेच घेऊ नका, उपनगरातलं भाडंच कंबर मोडतं. पॅनेल काढायचे प्लास्टिकचे पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि सॉकेटचा सेट, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, टेप, एवढं एका बॅगेत मावतं. सोसायटीत काम करायचं तर आधी सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि आवाजाची चाचणी काचा बंद करून घ्या.

मालासाठी लॅमिंग्टन रोड आहे, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. कुर्ल्याचा सीएसटी रोडही बघा. स्टॉक भरू नका. गिऱ्हाईकाकडून आगाऊ घ्या, मग माल उचला.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला ४० लाख आहे. पण तुम्ही फिटिंगची सेवाही देता, म्हणून महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. बिल पहिल्या दिवसापासून द्या, त्यात माल वेगळा, मजुरी वेगळी.

आता तुमचं काम. या रविवारी ओळखीच्या एका गाडीचं पुढचं दार उघडा, मालकाला विचारून बरं का! माप घ्या, फोटो काढा, सगळं परत बसवा आणि किती वेळ लागला ते वहीत लिहा. तो वेळ कळल्याशिवाय मजुरीचा भाव कुणालाही सांगू नका.