ओला रस्ता आणि रुंद टायर

पावसात एखादी महागडी स्पोर्ट्स कार दुभाजकावर चढली की लोकांची दोन निदानं तयार असतात. इंजिनाची ताकद फार होती, नाहीतर चालवणाऱ्याला गाडी झेपली नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ कारण टायर आणि रस्ता यांच्यामधल्या तीन-चार मिलिमीटर पाण्यात सापडतं. कोरड्या रस्त्यावर ज्या गुणांमुळे अशी गाडी जमिनीला चिकटून धावते, त्यातले काही गुण पाण्यात तिच्यावरच उलटतात. शिवाय गाडी जितकी उत्तम, तितकी ती चालकाला कमी कळू देते. म्हणून ओल्या रस्त्यावरचा वेग आधीच ठरवावा लागतो. गाडी सुटल्यावर ठरवायला काहीही हातात उरत नाही.

पोर्शे ९११चं उदाहरण घेऊ, कारण साठ वर्षं एकाच घराण्यातली गाडी कशी बदलत गेली ते तिच्यात दिसतं. १९६०च्या दशकातल्या पहिल्या ९११चे टायर १६५ मिलिमीटर रुंद होते. २०१८ साली आलेल्या पिढीतल्या करेरा एसला पुढे २४५ आणि मागे ३०५ मिलिमीटरचे टायर आहेत. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलंय आणि वेग ताशी १०० किलोमीटर आहे असं धरा. आजच्या गाडीच्या पुढच्या एकेका चाकाला दर सेकंदाला सुमारे २० लिटर, म्हणजे मोठी बादलीभर पाणी वाटेतून हटवावं लागतं. जुन्या गाडीच्या चाकाला १४ लिटरही नाही. रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हे कोरड्यात खरं आहे. पण हवेचा दाब आणि चाकावरचा भार तेवढाच असेल तर रस्त्याला टेकलेल्या भागाचं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. तो भाग रुंद होतो आणि आखूडही होतो. मधल्या पाण्याला कडेपर्यंतचं अंतर वाढतं आणि निघून जायला वेळ कमी मिळतो. न हटलेल्या पाण्याची पाचर चाकाखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं. यालाच गाडी तरंगणं म्हणतात.

हे कोणत्या वेगाला घडतं, याचं एक साधं सूत्र ‘नासा’च्या लँग्ली केंद्रातल्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. प्रश्न विमानांचा होता, ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये मोजलेल्या) वर्गमूळ काढायचं आणि त्याला १०.३५ने गुणायचं; उत्तर ताशी मैलांत मिळतं. टायरमध्ये ३३ची हवा असेल तर हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. या सूत्रात अश्वशक्तीला जागाच नाही. ते लागू पडतं गोटा झालेल्या टायरला, किंवा नक्षीच्या खाचांपेक्षा पाणी खोल असेल तेव्हा. खाचा खोल असतील तर पाण्याला वाट मिळते आणि मर्यादा वर सरकते. म्हणूनच ट्रॅकसाठी बनवलेले, जवळजवळ नक्षी नसलेले टायर घालून रस्त्यावर उतरणाऱ्या गाड्या पहिल्या मोठ्या सरीतच अडचणीत येतात.

प्रत्यक्षात काय होतं ते क्षणाक्षणाने पाहायला हवं. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. चालक घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो किंवा ब्रेक दाबतो, आणि गाडी वळत नाही म्हणून चाक आणखी वळवतो. ९११चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे. वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा मागच्या चाकांवर. वळणात पाय उचलला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि ते जड मागचं अंग बाहेर फेकलं जातं. तेवढ्यात पुढच्या चाकांखालचं पाणी संपलं तर वळवून ठेवलेल्या चाकांना एकदम पकड मिळते आणि गाडी झटक्यात आडवी होते. त्या अर्ध्या सेकंदात चालकाने जे केलं ते भीतीने केलेलं असतं. इंजिन पुढे असलं म्हणजे ही खोड नाही, असं मात्र समजू नये. १९९८ साली बाजारात आलेल्या ऑडी टीटीचीही मागची बाजू भरवेगात पाय उचलताच सुटायची. जर्मनीच्या ऑटोबानवर माणसं दगावली, तेव्हा कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे स्पॉयलर लावला आणि ईएसपी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, बसवली.

मग ईएसपी आल्यावर प्रश्न मिटला, असं कुणी म्हणेल. १९९५ साली मर्सिडीज आणि बॉश यांनी आणलेल्या या यंत्रणेने असंख्य जीव वाचवले आहेत, यात शंका नाही. पण ती काम करते एकेका चाकाला ब्रेक लावून. चाक पाण्यावर तरंगत असेल तर ब्रेक कितीही हुशारीने लावला तरी तो रस्त्यापर्यंत पोचत नाही. हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. २०१८च्या ९११मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत; उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला असल्याचं ओळखून ते चालकाला सूचना देतात. ओल्या रस्त्यासाठीचा ‘वेट मोड’ लावायचा की नाही आणि वेग उतरवायचा की नाही, हा निर्णय माणसाकडेच ठेवलेला आहे.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. मुरलेला चालक घसरती गाडी सावरतो हे खरं, पण त्यासाठी चाकांना थोडी तरी पकड लागते. २२ जुलै २००७ रोजी न्यूरबुर्गरिंगवरच्या फॉर्म्युला वन शर्यतीत मुसळधार पाऊस आला आणि पहिल्या वळणावर पाण्याचा लोट वाहू लागला. जेन्सन बटन, लुईस हॅमिल्टन, निको रोझबर्ग आणि आणखी काही जण तिथेच एकामागून एक बाहेर गेले. हे तिघेही पुढे जगज्जेते झाले. शेवटी शर्यतच थांबवावी लागली.

साधी हॅचबॅक तरंगत नाही का? तरंगते. पण ताशी नव्वदला तिचं इंजिन ओरडतं, दारं थरथरतात, वारा ऐकू येतो. स्पोर्ट्स कारला तोच वेग चालण्यासारखा वाटतो, आणि गाडी शांत म्हणून रस्ताही सुरक्षित, असा चालकाचा समज होतो.

म्हणूनच ही गोष्ट चालकाच्या अंदाजावर सोडू नये. फ्रान्समध्ये ऑटोरूटवर कोरड्यात ताशी १३० किलोमीटरची मुभा आहे आणि पावसात ११०ची. जर्मनीत ठिकठिकाणी ओल्या रस्त्यासाठी वेगळ्या मर्यादेच्या पाट्या आहेत. आपल्याकडे केंद्राने २०१८मध्ये ठरवलेल्या कमाल वेगाच्या तक्त्यात एक्स्प्रेस-वेवर मोटारींना १२० दिले आहेत, पण पावसासाठी रकाना नाही. मुंबई-पुणे महामार्गावर वर्षातले चार महिने पाऊस असतो. तिथे तरी पावसाळी मर्यादेच्या स्वतंत्र पाट्या लागल्याच पाहिजेत. आणि गाडी कोणतीही असो, मे महिन्यात टायरची नक्षी मोजून घ्या. कायद्याला १.६ मिलिमीटर चालतात, पण तीनच्या खाली गेलेला टायर जूनची वाट न पाहता बदला.