माळवदाचा भार : हिवाळ्यांतील घरदुरुस्तीचा विचार

परभणी-जिंतूर रस्त्यावरील बोरी, किंवा त्या अंगाचें दुसरें कोणतेंही जुनें गांव घ्या. दिवाळीस पुण्या-मुंबईची मंडळी घरीं येतात आणि भाऊबीज आटोपली कीं ओसरीवर एकच बोलणें सुरू होतें : वैशाखांत मुंज आहे, त्यापूर्वीं वाडा जरा नीटनेटका करून घ्यावा. मग यादी होते. फरशी, रंग, स्वयंपाकघरांत उभा ओटा, वडील मंडळींसाठीं सोयीची न्हाणी. ह्या यादीविरुद्ध आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. परंतु तींत बहुधा एका गोष्टीचा उल्लेख नसतो, आणि ती तर सर्वांच्या डोक्यावर असते. ती गोष्ट म्हणजे माळवद.

प्रथम काळाचा विचार करूं. घराची डागडुजी मृग तोंडावर आला म्हणजे करावयाची, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. त्या वेळीं विहिरी खोल गेलेल्या असतात, गवंडी मिळत नाहीं, आणि उन्हाच्या तापानें चुना काय किंवा सिमेंट काय, पुरतें भिजण्याआधींच वाळून जातें. हिवाळ्यांत पाणी असतें, हवा कोरडी असते, आणि पावसाळ्यांत जेथें जेथें ठिबकलें तेथले डाग कार्तिकांत अजून स्पष्ट दिसतात. रोग्याची परीक्षा ताप असतांनाच करावी, तसेंच हें आहे.

आतां माळवदाकडे वळूं. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचणें, आणि त्यांवर मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यांत घर गार आणि थंडींत ऊबदार ठेवण्याचा तिचा गुण निर्विवाद आहे. पण गळती थांबावी म्हणून दरसाल पांढऱ्या मातीचा नवा हात दिला जातो, आणि जुनी माती मात्र कोणी काढीत नाहीं. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर एक इंच मातीचें वजन सुमारें साडेचार क्विंटल भरतें. कांहीं माती वाहून जाऊन वर्षास पाव इंचच उरते असें धरलें, तरी चाळीस वर्षांत दहा इंच, म्हणजे पंचेचाळीस क्विंटल जादा ओझें आजोबांच्या वेळच्या तुळयांवर चढतें. पाऊस मुरला म्हणजे तें आणखी वाढतें.

ह्या ओझ्याचा अर्थ मराठवाड्यास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळला. गणेशविसर्जन करून लोक निजले होते. चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला आणि हजारों माणसें झोपेंतच दगामातीखालीं गेलीं. जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें तो मध्यमच होता. संहार एवढा झाला तो घरांच्या बांधणीमुळें. वर मातीचा प्रचंड भार, आणि खालीं नुसत्या चिखलांत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती. कित्येक ठिकाणीं लांकडी सांगाडा उभा राहिला, पण भिंती ढासळल्या. बोरीहून किल्लारी दूर आहे, असें कोणी म्हणेल. परंतु शेजारचा हिंगोली जिल्हा, जो १९९९ पर्यंत परभणींतच होता, तेथें २१ मार्च व १० जुलै २०२४ ह्या दोन्ही दिवशीं साडेचार परिमाणाचे धक्के बसले, आणि ते परभणीकरांसही जाणवले. भीति बाळगूं नये. पण हिशेब मांडावा.

कार्तिकांत घर पाहून घ्यावें. माळवदाला एका कडेस खोंचा घेऊन मातीची खरी जाडी मोजावी. भिंतींत बुजलेलीं तुळयांचीं टोकें आणि खांबांचे बुंधे टोंचून पाहावे; वाळवी तेथेंच आधीं लागते. भिंतीला भेग असेल तर तिच्यावर कांचेची बारीक पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे असें समजावें. मार्गशीर्षांत जाणत्या इंजिनियरास घर दाखवून खर्चाचा अंदाज करावा. पौषांत मंगल कार्यें नसल्यानें घर मोकळें असतें. तेव्हां लांकूड आणून सुतारकाम उरकावें. माती काढण्याचें काम माघाच्या आरंभींच घ्यावें, कारण पुढें ज्वारीची काढणी लागली कीं मजूर मिळत नाहींत. काढतांना तुळयांना खालून टेकू द्यावे, त्या खोलींत कोणास राहूं देऊं नये, आणि माती माळवदावरच एका जागीं ढिगानें रचूं नये.

नव्या थराखालीं पाणी न झिरपणारा जाड कागद पसरून पन्हाळाकडे नीट उतार दिला, तर सहा इंच मातीवर भागूं शकतें. त्याचें वजन त्याच खोलीवर सत्तावीस क्विंटल होतें. पांच इंची सिमेंटचा स्लॅब पस्तीस क्विंटलांचा होतो. म्हणून जुन्या चिखलाच्या भिंतींवर स्लॅब चढविणें ही सुधारणा नव्हे. पत्रा हलका खरा. पण वैशाखांत पारा बेचाळीस अंशांवर गेला म्हणजे त्याच्याखालीं म्हाताऱ्यांचे व बाळंतिणीचे हाल होतात.

न्हाणीसंबंधीं एकच सूचना. आपली काळी जमीन ओलीनें फुगते व उन्हानें आक्रसते. मोरीचें पाणी भिंतीच्या पायाशीं मुरूं दिलें तर त्या बाजूची भिंत वर्षानुवर्षें वर-खालीं होत राहते, आणि भेगा कितीही लिंपल्या तरी पुन्हा उघडतात. तेव्हां सांडपाणी बंद नळानें घरापासून लांब नेण्याची सोय आधीं करावी, गुळगुळीत फरशा मागाहून बसवाव्या.

खर्चाचा क्रम ह्यावरून आपोआप ठरतो : आधीं माळवद, मग खांब-तुळया, मग भिंती व पाण्याचा निचरा, आणि शेवटीं शोभा. पैसा मध्येंच सरला तर रंग पुढच्या वर्षावर टाकावा. त्यावांचून मुंज अडत नाहीं. पाहुण्यांस फरशी दिसते, माळवद दिसत नाहीं. पण पाहुणे चार दिवसांनीं जातात, आणि त्या माळवदाखालीं रोज निजणारे आईवडील मागें राहतात.