घरचं मैदान कशाने होतं?

18 सप्टेंबर 2023, सोमवार. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. अख्खं पुणे मूर्ती, मखर, फुलं आणण्याच्या गडबडीत, आणि तिकडे बालेवाडीत मुंबई सिटी या फुटबॉल संघाचा एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना, समोर इराणचा नस्साजी. कागदावर हा मुंबईचा घरचा सामना. मुंबई 0-2 ने हरली. पुढे त्या गटातले सहाच्या सहा सामने मुंबईने गमावले. त्यातले तीन घरचे होते.

आमच्या केडगाव स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी असलेली पोरं हा विषय अजून काढतात. आमच्या भागात खेळ म्हटला की कबड्डी, नाहीतर जत्रेतली कुस्ती. फुटबॉल बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिलेला. तरी घरच्या मैदानाबद्दल प्रत्येकाचं मत ठाम असतं. त्यातली काही मतं इतक्या वेळा कानावर आली की ती एकदा नीट तपासून बघावीत असं वाटलं.

“घरी हरले, म्हणजे घरच्या मैदानाचा काही फायदाच नसतो”

गोल मोजून बघू. सौदीच्या अल-हिलालने रियाधमध्ये मुंबईवर सहा गोल चढवले. तोच संघ नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला तेव्हा दोनच करू शकला. उझबेकिस्तानच्या नवबहोरने त्यांच्याकडे 3-0 ने हरवलं, आपल्याकडे 2-1 ने. नस्साजी दोन्हीकडे 2-0 ने जिंकला. म्हणजे मुंबईने बाहेर 11 गोल खाल्ले आणि घरी 6. अख्ख्या स्पर्धेत मुंबईचा एकच गोल झाला, तोही घरीच.

एवढ्या मोजक्या सामन्यांवर सिद्धांत उभा राहत नाही, हे मला मान्य आहे. पण घरी हरणं वेगळं आणि घरचा फायदा नसणं वेगळं, एवढं त्यातून दिसतं. घरचं मैदान तराजूच्या एका पारड्यात थोडं वजन टाकतं. दुसऱ्या पारड्यात अल-हिलालसारखा संघ बसला असेल तर तेवढ्याने काटा हलत नाही. त्याच हंगामात अल-हिलालने सलग 34 सामने जिंकून जागतिक विक्रम केला. त्यात भर म्हणजे नोव्हेंबरमध्ये मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मध्येच इंग्लंडमधल्या क्लबकडे गेले. हरण्याची कारणं शोधायची तर आधी ही बघावी लागतात.

“पब्लिक ओरडलं की खेळाडूंना चेव चढतो, बाकी काही नाही”

हा समज सगळ्यात पक्का, आणि अर्धाच खरा.

गावातली कबड्डी आठवा. संध्याकाळी पाणी मारून दाबून घेतलेली माती, चुन्याच्या रेषा, आणि रेषेला गुडघे टेकवून बसलेली माणसं. पाहुण्या संघाचा चढाईपटू परतताना पकडीतून सुटून मध्यरेषेला बोट लावतो. लागलं की नाही लागलं? तेवढ्यात तीनशे माणसं एकदम उठतात आणि “आऊट!” म्हणून ओरडतात. पंचाची शिट्टी तोंडातच असते. त्या एका क्षणात तो काय करतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलं आहे. तो लबाड नसतो. डोळ्यांना जे धूसर दिसलं, ते कान पूर्ण करतात.

इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2002 साली हेच फुटबॉलमध्ये मोजलं. त्यांनी 40 पात्र पंचांना एका सामन्यातल्या 47 झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले. चित्रं तीच, फरक फक्त आवाजाचा. स्पेनच्या लीगचा अभ्यास झाला त्यातही असंच काही निघालं. घरचा संघ एका गोलने मागे असला की पंच शेवटी जोडून देत असलेला वेळ चार मिनिटांच्या आसपास, आणि घरचा संघ एका गोलने पुढे असला की दोनच्या आसपास.

खेळाडूंवर प्रेक्षकांचा परिणाम होतोच. पण गर्दीचं बरंचसं काम पंचाच्या कानातून होतं. म्हणूनच करोनाकाळात स्टेडियमं रिकामी झाली तेव्हा जे घडलं, त्याचं मला फार नवल वाटलं नाही. इंग्लिश प्रीमियर लीगच्या 2020-21 च्या 380 सामन्यांत घरच्या संघांनी 144 जिंकले आणि पाहुण्यांनी 153. त्या लीगमध्ये पाहुण्यांचे विजय जास्त होण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे त्याच हंगामात काय झालं? इंडियन सुपर लीगचे सगळे सामने गोव्यात, बंद दाराआड झाले. मुंबई सिटीच्या वाट्याला ‘घरचं’ म्हणून बांबोळीचं मैदान आलं. अंधेरीचं नेहमीचं मैदान नाही, मुंबईचा प्रेक्षक नाही. आणि त्याच वर्षी मुंबईने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि 13 मार्च 2021 ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला 2-1 ने हरवून विजेतेपदही पटकावलं. सगळेच पाहुणे असले की चांगला खेळणारा जिंकतो, असं साधं गणित त्यात होतं.

“महाराष्ट्रातलं मैदान, म्हणजे घरचंच की”

इथे मला पोरांशी थोडं भांडावंसं वाटतं. मुंबई सिटी एरवी अंधेरीच्या मैदानावर खेळते. ते एएफसी चॅम्पियन्स लीगच्या निकषांत बसलं नाही म्हणून नस्साजीविरुद्धचा सामना बालेवाडीला आला. मुंबईहून पुणं दीडशे किलोमीटर. गणपतीच्या आदल्या दिवशी, कामाच्या सोमवारी, किती मुंबईकर घर सोडून घाट चढून येणार? केडगावहून जायचं म्हटलं तरी आधी रेल्वेने पुणे, मग बसने शहर ओलांडून बालेवाडी, आणि सामना संपल्यावर रात्री परतायचं कसं हा घोर वेगळाच.

अंतरापलीकडेही एक गोष्ट आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. मुख्य मैदानाभोवती धावपट्टी आहे. धावपटूंसाठी ती हवीच, पण तिच्यामुळे प्रेक्षक गवतापासून लांब जातो. जर्मनीत थॉमस डोमेन या अर्थतज्ज्ञाने पंचांच्या निर्णयांचा अभ्यास केला, तेव्हा धावपट्टी असलेल्या स्टेडियममध्ये घरच्या संघाकडे झुकणारा कल कमी आढळला. रेषेला गुडघे टेकवून बसलेला प्रेक्षक आणि धावपट्टीपलीकडून ओरडणारा प्रेक्षक, पंचाच्या कानाला दोघं सारखे नाहीत.

बालेवाडीला कधीकाळी स्वतःचा संघ होता. एफसी पुणे सिटी 2014 ला सुरू झाला, 2017-18 ला उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि 2019 ला बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच हंगामांत कुठे एखाद्या स्टँडला ओळख येते, कुठे बाप पोराला घेऊन त्याच खुर्चीवर बसायला लागतो, तोवर क्लबच गेला. याची हळहळ मला अजून वाटते. आज तिथे कोणी ‘घरचा’ सामना खेळला तर मैदान भाड्याचंच असतं.

“घरी खेळायचं म्हणजे तुटून पडायचं”

घरच्या संघाकडून सगळ्यांची हीच अपेक्षा असते, आणि हुशार पाहुणा तिचाच फायदा घेतो. तो दहा माणसं आपल्या गोलपुढे उभी करतो आणि थांबतो. गर्दी अधीर होते, घरचे बचावपटूही मध्यरेषा ओलांडून पुढे येतात, मागे अर्धं मैदान मोकळं. एक चुकलेला पास, एक लांब किक, आणि गोलकीपरसमोर एकटा स्ट्रायकर. चेंडू जास्त वेळ स्वतःकडे ठेवूनही संघ घरी हरतात त्याचं हे एक नेहमीचं कारण. बाहेर हाच संघ निवांत खेळतो, कारण पुढे जाण्याची घाई दुसऱ्याला असते.

“मैदानच पनवती आहे”

हे ऐकलं की मला इंडियन सुपर लीगचे अंतिम सामने आठवतात. 2015 ला गोवा स्वतःच्या फातोर्ड्यात 87 व्या मिनिटाला 2-1 ने पुढे होता. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन चेन्नईयिनकडून 3-2 ने हरला. त्या दोनांतला पहिला गोव्याच्याच गोलकीपरकडून झालेला स्वयंगोल. 2016 ला केरळ ब्लास्टर्स कोचीत पेनल्टीवर हरले, 2018 ला बंगळुरू स्वतःच्या शहरात 3-2 ने. 2024 ला मोहन बागान कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर उतरला आणि मुंबईने त्याला 3-1 ने हरवलं. तोवर घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळलेले चारही संघ हरले होते. ‘पनवती’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. स्वतःच्या माणसांपुढे हरण्याची भीती शेवटच्या मिनिटांत पाय जड करते, हे खरं असू शकतं. पण गवत, खांब आणि दिशा यांचा त्यात दोष नाही.

12 एप्रिल 2025 ला मोहन बागान पुन्हा अंतिम सामन्यात होता. मैदान तेच, सॉल्ट लेक. समोर बंगळुरू. सामना जादा वेळेत गेला आणि मोहन बागानने तो 2-1 ने जिंकला.