डोंगरावर जाताना पाठीवर काय घ्यावे?

मे महिन्याचे दिवस. विष्णुपुरीला एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. मित्रांबरोबर तो हिमाचल प्रदेशात, कुलूकडच्या सारपासच्या पदभ्रमणाला निघालेला. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अंबाला आणि पुढे बसने कसोल, असा त्यांचा बेत. ओसरीवर सगळे सामान पसरले होते. जीनच्या दोन विजारी, सहा सुती सदरे, दोन जाड चादरी, चकल्यांचा डबा. आणि आजी स्वतः शिवलेली वाकळ घेऊन उभी. "लेकरा, तिकडं बर्फ पडतो म्हनं. ही तर नेच!"

भरलेली सॅक आम्ही शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. भरली १७ किलो! मुलाचे स्वतःचे वजन ५४. आता तुम्हीच सांगा, हे ओझे घेऊन तो चढणार कसा?

आपल्याकडच्या माणसाला थंडीची धास्ती वाटते, ती काही खोटी नाही. थोडा हिशेब करून पाहू. दर हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. विष्णुपुरी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांच्या आसपास. सारपास सुमारे ४,२०० मीटर. म्हणजे नुसत्या उंचीनेच पंचवीस अंशांचा फरक पडला. इथे पहाटे सत्तावीस अंश असतील, तर तिथे दोन. त्यात बर्फ आणि वारा मिळवा, म्हणजे पारा शून्याखाली का जातो ते कळेल.

पण खरा शत्रू नुसती थंडी नव्हे. खरा शत्रू आहे ओल. हे कसे, ते पाहू.

उन्हाळ्यात आपण माठ भरून ठेवतो. माठ पाझरतो, त्या ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. सुती सदरा हेच करतो. घाम शोषून घेतो, सावकाश वाळतो आणि अंग गार ठेवतो. आपला मुलूख कापसाचा. 'नांदेड-४४' हा कापसाचा वाण तर नांदेडच्याच संशोधन केंद्रातला. इथल्या उन्हात सुती कपड्यासारखा दुसरा मित्र नाही. पण तोच सदरा बर्फाच्या वाऱ्यात घामाने भिजला, तर माणसाचाच माठ होतो! जीनची विजार तर भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. लोकरीचे तसे नाही. ती ओलसर झाली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते. पावसात घोंगडीची खोळ घेणाऱ्या मेंढपाळाला हे केव्हापासून ठाऊक आहे.

म्हणून एकच जाडजूड कोट घेण्यापेक्षा तीन पदर करावेत. अंगालगत लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे बनियन. त्यावर स्वेटर किंवा फ्लीसचा अंगरखा. त्याच्या धाग्यांत कोंडलेली हवा ऊब राखते. सर्वांत वर पाऊस आणि वारा अडवणारे जाकीट. चढ लागला की घाम येण्याआधीच एक पदर काढायचा, थांबलात की लगेच घालायचा. कंटाळा करू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रात्रीचा कोरडा जोड. एक बनियन, एक विजार, लोकरी मोज्यांची एक जोडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. दिवसा कितीही भिजलात तरी त्याला हात लावू नका. अंगाची उष्णता पस्तीस अंशांच्या खाली गेली की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग जीभ अडखळते, पाय लटपटतात आणि बुद्धी मंदावते. ज्याचे त्याला मात्र कळत नाही. अशा वेळी ओले कपडे काढून कोरडे घालणे हा पहिला उपचार. पण कोरडे असतील तर ना!

तुम्ही म्हणाल, बरोबर वाटाड्या असतो की. असतो, आणि त्याने "मागे फिरा" म्हटले की वाद न घालता फिरावे. परंतु २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांची तुकडी हिमवादळात सापडली. बरोबर स्थानिक वाटाडे होते. तरी ९ जण परत आले नाहीत. कोणाचे काय चुकले, हे इथे बसून आपण बोलू नये. डोंगरापुढे वाटाड्याचेही एका मर्यादेपलीकडे चालत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

बूट निघण्यापूर्वी महिनाभर तरी वापरलेले असावेत. नवा बूट चावतोच. उतरताना अंगठा पुढे आपटतो, म्हणून बोटांपुढे थोडी जागा हवी. काळा चष्मा विसरू नका. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना इजा करते. कानटोपी, हातमोजे, बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या, स्वतःची नेहमीची औषधे आणि खिशात गूळ-शेंगदाणे, एवढे पुष्कळ झाले. तंबू, पांघरूण, जेवण व्यवस्थापक देणार का, हे आधी विचारून घ्यावे. देणार असतील तर वजनाच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त ओझे घेऊ नये.

सॅक भरताना तळाशी रात्रीचे कपडे, जड वस्तू मध्यभागी पाठीला लागून, आणि पावसाचे जाकीट अगदी वर. कमरेचा पट्टा घट्ट आवळा, म्हणजे भार खांद्यांवर न पडता कमरेवर येतो.

त्या दिवशी आम्ही सॅक पुन्हा रिकामी केली. जीन गेली, चादरी गेल्या, सुती सदरे दोनच राहिले, तेही रेल्वेच्या प्रवासापुरते. काटा नऊ किलोंवर आला. वाकळ घरीच राहिली, तेव्हा आजी थोडी रुसली. मग मुलानेच तिच्या हातचे लोकरी मोजे काढून कोरड्या जोडाच्या पिशवीत ठेवले आणि तोंड बांधायला पिशवी तिच्याच हातात दिली. तिने दोन गाठी मारल्या. "आता नाही भिजत," म्हणाली.