जुनं कार्ड आणि महाग कार्ड

अमेरिकेत माळ्यावर १९९० च्या आसपासच्या, खेळाडूंची चित्रं असलेल्या बेसबॉल कार्डांचा खोका सापडला, की घरातल्यांना घबाड मिळाल्यासारखं वाटतं. जुनं कार्ड महाग असतं हा समज अगदीच निराधार नाही. बेसबॉलपटू मिकी मॅन्टलचं १९५२ चं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. पण किंमत वयामुळे येत नाही, ती उपलब्ध प्रती आणि मागणी यांवर ठरते. मॅन्टलच्या काळी मुलं कार्डं खेळून मळवत, फेकून देत. त्यामुळे कोऱ्या प्रती फार थोड्या उरल्या. १९८० च्या दशकाअखेर कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली आणि लोकांनी ती जपूनही ठेवली, म्हणून माळ्यावरच्या त्या खोक्याला सहसा फारसा भाव येत नाही. हंगामातल्या पहिल्या हापूसच्या पेटीचा भाव मे महिन्यात टिकत नाही, कारण तोवर आवक वाढलेली असते, तसंच हे.

म्हणूनच आज कंपन्या काही कार्डं मोजूनच छापतात आणि त्यांवर क्रमांक घालतात. माइक ट्राउटचं २००९ चं सुपरफ्रॅक्टर (एकच प्रत असलेलं झळाळत्या छपाईचं कार्ड) त्याच्या सहीचं आहे. २०२० मध्ये त्या कार्डाला ३९ लाख डॉलरहून अधिक मिळाले. मग एकमेव प्रत असलेलं प्रत्येक कार्ड महाग का नसतं? कारण खेळाडूच विस्मरणात गेला, तर त्याच्या एकमेव कार्डालाही फारसं गिऱ्हाईक मिळत नाही. उलट केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं कार्ड मुबलक असूनही ग्रेडिंगमध्ये (कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यभागी आहे का हे तपासून दिलेली श्रेणी) १० ही सर्वोच्च श्रेणी मिळालेल्या प्रतीला साध्या प्रतीच्या कितीतरी पट भाव येतो.